पाहुणा पोचल्यावरच केर

मित्रांनो, कुणाच्या घरी गेलात की तुम्ही आधी दिवाणखाना बघता, खिडकीतला तलाव बघता, वायफायचा पासवर्ड विचारता. दाराआड मात्र कुणी बघत नाही. एकदा वाकून बघा. मुठीला तीन ठिकाणी सुतळी बांधलेली, केस झडत आलेली, तरी ताठ उभी अशी कुणी दिसली तर ती मी. ‘निवांत’ बंगल्याची केरसुणी. वय वर्षं तीन. हसू नका. केरसुणी एका दिवाळीला घरात येते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत झिजून जाते. आमच्यात तीन वर्षं जगलेली म्हणजे पणजीच म्हणायची. एवढी कशी टिकले, तर त्याचं श्रेय माझ्या प्रकृतीला नाही. मला जितकं झाडायला लावलं, त्याहून जास्त थांबायला लावलं. तीच गोष्ट सांगते.

मी मूळची शिंदीच्या झाडावरची. मैना नावाच्या बाईने आमची पानं उतरवली, उन्हात वाळवली, चिरली आणि वाखाच्या दोरीने माझी मूठ वळली. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून ती अशी काही ओढायची की जीव कंठाशी यायचा. वर म्हणायची, “आत्ताच काय कुरकुरायचं ते कुरकुर. सैल ऱ्हायलीस तर म्हैन्यात पिसं व्हतील तुजी.” तेव्हा मला तिचा राग आला होता. आता तिची आठवण आली की मूठ भरून येते.

दिवाळीच्या आधी मैनाने आम्हाला पनवेलच्या बाजारात गोणपाटावर मांडलं. तिथे दोघी आल्या. एक अरुंधतीबाई. चष्मा, कापडी पिशवी आणि हातात यादी. नवीन पनवेलला राहायच्या, छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरी सोनाबाई. तलावाकाठच्या गावातली, बाईंच्या बंगल्याची देखभाल करणारी.

“लांब दांड्याचा ब्रश घेऊ या, सोनाबाई. वाकायला नको,” बाई म्हणाल्या.

“घ्या ना ब्रश. पन लक्ष्मीपूजनाला पाटावर काय ब्रश मांडू? लोका हसतील आपल्याला.”

बाईंनी बरंच काही सांगितलं. पूजेने घर स्वच्छ होत नाही, हात चालवल्याने होतं, वगैरे. सोनाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला काखेत मारलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मला हळदकुंकू लागलं, फुलं वाहिली, समोर समई लागली. मी लक्ष्मी झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच लक्ष्मीने फटाक्यांचा कचरा लोटला आणि मग तिची रवानगी दाराआड झाली. मित्रांनो, वर्षातला एक दिवस पाटावर आणि उरलेले सगळे दाराआड, हे माझ्या आयुष्याचं वेळापत्रक. तक्रार करत नाही. नुसतं सांगितलं.

पनवेलहून नेरे गावाच्या रस्त्याने आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचा तलाव लागतो. बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी म्हातारपणी पाण्याकडे बघत बसायला तिथे बंगला बांधला आणि हौसेने नाव ठेवलं ‘निवांत’. यजमान दोन वर्षं बसले आणि गेले. एवढ्या घरात एकटीने काय करायचं म्हणून पुण्याच्या राजसने, म्हणजे बाईंच्या मुलाने, बंगला मोबाइलवरच्या एका अॅपवर टाकला. कुणीही यावं, एक-दोन दिवस राहावं, जावं. बाईंनाही ते आवडलं. घरात माणसांचा आवाज राहील, म्हणाल्या.

आवाज राहिला खरा. ‘निवांत’मध्ये निवांत असं त्यानंतर काही उरलं नाही. सहा जणांचं बुकिंग करून अकरा जण यायचे आणि वर विचारायचे, “जादा गाद्या कुठे आहेत?” कुणाची हळद असायची, कुणाचा वाढदिवस, कुणाचं ऑफिस. मला माणसाचं तोंड बघायला मिळत नाही, मी त्याचा केर बघते, आणि केर खोटं बोलत नाही. डाएटवर असल्याचं सांगणाऱ्या एका पाहुणीच्या पलंगाखालून मी चकल्यांचा चुरा काढलेला आहे. वाढदिवसाची चमकी ही तर माझी जन्माची वैरीण. एकदा उधळली की ती चार बुकिंगांपर्यंत निघत नाही. पाचव्या पाहुण्याच्या पापणीवर सापडते.

एकदा तर कॉलेजच्या पोरांनी इतका हैदोस घातला की सोनाबाईने शेवटचा उपाय केला. नको असलेला पाहुणा उठावा म्हणून केरसुणी दाराआड उलटी उभी करतात, तशी मला डोक्यावर उभी केली. मी सगळी शक्ती पणाला लावली. पोरांनी बुकिंग एक दिवस वाढवलं. माझी तेवढी पत आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

आता मुद्द्यावर येते. सोनाबाईची एक रीत होती. घरातून माणूस बाहेर पडला की लगेच केर काढायचा नाही. तुमच्याही घरी आजी हे म्हणत असेल. पण तुमच्या आजीचं काम घटकाभर थांबून भागतं. सोनाबाईचा हिशेब वेगळा होता. पाहुणा आपल्या दारातून निघाला, तो त्याच्या दारात पोचला, की मग केर.

पाहुणे अकराला निघायचे. पुढचे एकला यायचे. त्या दोन तासांत सोनाबाई चादरी बदलायची, भांडी घासायची, बाथरूम चकचकीत करायची, आणि मग मला मांडीवर आडवी घेऊन पायरीवर बसायची. मधूनमधून फोन लावायची.

“पोचलाव का?... नाय अजून? बरा. सावकाश जा. घाई नाय.”

पाहुणे चक्रावून जायचे. कुणाला वाटायचं, आपण काही चोरून आणलंय असा हिला संशय आहे की काय. ठाण्याचे पाहुणे असले तर निभायचं. नाशिकचे असले की वाटेत मिसळ खायला थांबायचे आणि इकडे माझा जीव टांगणीला. त्यात दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, ही दुसरी रीत. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

मग एकदा नागपूरचे पाहुणे आले. ते निघाले आणि मला कळून चुकलं की आज आपल्याला सुट्टी. दुपारी एकला पुढचं कुटुंब दारात हजर. सोनाबाईने त्यांना ओसरीवर बसवलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं, तलावावर फिरायला पाठवलं. ती माणसं तृप्त झाली. मात्र रात्री पलंगावर बसली, तेव्हा पायाखाली नागपूरकरांच्या शेंगांची टरफलं कुरकुरली. अॅपवर त्यांनी लिहिलं, “जेवण अप्रतिम. सोनाबाई फार प्रेमळ. पण केर काढलेला नव्हता. तीन स्टार.”

राजसचा पुण्याहून फोन आला. बाई धावत बंगल्यावर आल्या.

“सोनाबाई, केराचा आणि प्रवासाचा काय संबंध? तुम्ही इथे झाडलंत म्हणून तिकडे गाडी पंक्चर होणार आहे का? मी छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय.”

“तुमचा सायन्स बरोबर हाय, बाई,” सोनाबाई म्हणाली. “पन मानूस रस्त्याला लागला का मागं कोनीतरी वाट बगायला लागतो. झाडून टाकला का मंग घर त्याला इसरला.”

बाईंनी कपाळाला हात लावला. मधला एक दिवस रिकामा ठेवू या, असं त्यांनी राजसला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, “आई, शनिवार आणि रविवारच्या मधे कुठला दिवस असतो?”

पुढच्याच आठवड्यात राजसने एक यंत्र पाठवलं. गोल, काळं, पुरणाच्या पोळीएवढं. ते आपलं आपणच घरभर फिरून केर ओढायचं. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने सुरू व्हायचं, हे राजसने पुण्यात बसून ठरवलं होतं. मला कुणी काही सांगितलं नाही. मी दाराआडून बघत राहिले. खोटं कशाला बोलू, ते काम चांगलं करायचं. चमकीसुद्धा गिळायचं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गुण तो गुण.

घोटाळा एवढाच झाला की त्याला थांबणं माहीत नव्हतं. डोंबिवलीचे पाहुणे फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच ते गुरगुरत निघालं. सोनाबाईला बटण सापडेना. तिने परसात जाऊन कोंबड्या झाकायचं डालगं आणलं आणि यंत्राला कोंबडीसारखं डाललं. यंत्र मात्र डालगं घेऊनच चालू लागलं. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून परत. आपलं घर चाललेलं बघून परसातल्या कोंबड्यांनी एकच गिल्ला केला. तेवढ्यात डोंबिवलीच्या काकू विसरलेला चार्जर न्यायला परत आल्या. दार उघडलं, तर समोरून एक टोपली आपणहून त्यांच्याकडे येते आहे. त्यांची किंकाळी तलावाच्या पलीकडे ऐकू गेली असेल. यंत्र भिंतीवर आपटलं आणि कायमचं शांत झालं.

अॅपवर अभिप्राय आला, “घर सुंदर आहे, पण त्यातली टोपली चालते. एक स्टार.”

आता राजसचा संयम संपला. त्याने मुंबईच्या एका कंपनीशी बोलणं केलं. बंगला कंपनी चालवणार, माणसं कंपनीची, झाडणारे कंपनीचे. सोनाबाईने दिवाळीपर्यंत थांबायचं, नंतर काम बंद. सोनाबाईने या बंगल्याच्या पायाभरणीची माती वाहिलेली. बाईंनी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बरा.” आणि पाहुण्यांना फोन लावायला पायरीवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने माझी सुटलेली मूठ नव्या सुतळीने बांधली. पुढे मला धरणारंच कुणी नसताना ती गाठ इतकी घट्ट का मारते आहे, ते मला कळेना. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीला महिना राहिला असताना राजस, त्याची बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी चारुता बंगल्यावर आली, बाईही आल्या. शनिवारी चारुताचा वाढदिवस झाला. फुगे, थर्माकोलचे गोळे आणि अर्थातच चमकी. सोनाबाई भाचीच्या साखरपुड्याला जासईला गेली होती. रविवारी साडेअकराला राजस निघताना म्हणाला, “आई, दोन वाजता कंपनीच्या मॅडम घर बघायला येणारेत. करार टेबलावर आहे, त्यांच्यासमोर सही कर. आणि तेवढं झाडून घे ना, प्लीज. घर लख्ख दिसलं पाहिजे.”

“झाडते,” बाई म्हणाल्या. चारुताने गाडीच्या काचेतून हात हलवला. गाडी वळणाआड गेली.

बाईंनी पदर खोचला, दाराआडून मला काढलं. तीन वर्षांत त्यांचा हात मला पहिल्यांदा लागला. त्यांनी मला उलट्या बाजूने धरलं होतं, पण ते असो. वाकून त्यांनी पहिला हात मारायला मला उचललं आणि हात तिथेच थांबला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मला भिंतीला टेकवलं आणि जाऊन कप विसळले. परत आल्या, मला उचललं, परत ठेवलं.

“मूर्खपणा आहे हा,” त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात मीच होते, तेव्हा बहुधा मला म्हणाल्या. मग पुन्हा कप विसळले. तेच कप.

साडेबाराला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की घाटात कंटेनर आडवा झालाय, दोन-तीन गाड्यांना लागलंय. बाईंनी राजसला फोन लावला. लागला नाही. सुनेला लावला. लागला नाही. मग छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या त्या बाई मला मांडीवर आडवी घेऊन पायरीवर बसल्या, थेट सोनाबाईच्या जागी. त्यांच्या हाताला घाम सुटला होता. माझी मूठ भिजली. मित्रांनो, तेव्हा माझ्यासमोर कुणी पोतंभर चमकी उधळली असती तरी मी एक काडी हलवली नसती.

दोनच्या ठोक्याला कंपनीच्या मॅडम आल्या. हलीमा त्यांचं नाव, राहणार उरण. हातात तपासणीचा कागद, आणि त्यावर पहिलंच कलम ‘फरशी’. त्यांनी दारातून आत पाहिलं. फुगे, गोळे, चमकी, केकचा चुरा.

“मॅडम, क्लीनिंग राहिलंय का?”

“राहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “थांबलंय. माझी माणसं घाटात आहेत. फोन लागत नाहीये.”

म्हणता म्हणता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हलीमाबाईंनी कागद पर्समध्ये घातला आणि शेजारच्या पायरीवर बसल्या.

“अल्ला खैर करे. लागेल फोन, घाटात नेटवर्क नसतंच,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे पण हेच आहे, मॅडम. माझे मिस्टर कतारला असतात. सुट्टी संपवून निघाले की सासूबाई कुणाला झाडू उचलू देत नाहीत. मागच्या वेळी फ्लाइट डिले झाली. दोन दिवस आम्ही घरात पाय उचलून चालत होतो.”

बाई रडता रडता हसल्या. बाईंनी त्यांना सोनाबाईची रीत सांगितली आणि दोघी तलावाकडे बघत बसल्या. तीन वाजले. साडेतीन वाजले. पावणेचारला फोन वाजला.

“आई, पोचलो गं आत्ता. काय भयंकर ट्रॅफिक! आमच्या पुढेच झालं सगळं, पण आम्ही ठीक आहोत. चारुता झोपलीय. काय म्हणाल्या मॅडम? घर कसं वाटलं त्यांना?”

“घर झाडलेलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“आई! का?”

“तू पोचला नव्हतास.”

मग राजस हळूच म्हणाला, “बाबा असते तर हसले असते तुला.”

“हसले असते,” बाई म्हणाल्या, “आणि शेजारी येऊन बसले असते.”

मग मात्र त्या उठल्या आणि मला जे काही फिरवलं, ते मी कुणाला सांगणार नाही. केर पुढे कमी आणि मागे जास्त जात होता. सुपली सापडेना. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरचा जाडजूड कागद उचलला आणि जमिनीला टेकवून धरला.

“मॅडम, तो करार आहे!” हलीमाबाई ओरडल्या.

“आहे ना. चांगला जाड आहे. बघा, चमकीसुद्धा भरतेय.”

हलीमाबाईंनी पर्समधून तपासणीचा कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडे पाहुणा गेला की चाळीस मिनिटांत घर तयार लागतं. तुमचं हे घर आमच्या कंपनीत बसायचं नाही. तुमच्या सोनाबाईंना आम्ही ठेवू शकत नाही. आणि खरं सांगू का, तुम्हालाही नाही.” उरण गाठल्यावर त्यांनी आठवणीने फोन केला. तोवर उरलेला केर बाईंनी तसाच ठेवला होता.

संध्याकाळी सोनाबाई जासईहून आली. तिने फरशीकडे पाहिलं.

“ह्यो केर कोनी काडला?”

“मी.”

“म्हंजे काडलाच नाय.” मग तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. “कदी काडलाव?”

“राजस पोचल्यावर.”

सोनाबाईने बाहेर उजेडाकडे पाहिलं. दिवे लागायला अजून थोडा वेळ होता. तिने मला उचललं आणि सगळे कोपरे पुन्हा झाडले. मग दोघींनी ओसरीवर चहा घेतला.

त्या आठवड्यात राजसने अॅपवरचा मजकूर स्वतः बदलला. “आमचे पाहुणे आपल्या घरी सुखरूप पोचल्याशिवाय आम्ही केर काढत नाही. त्यामुळे एका पाहुण्यानंतर दुसरा पाहुणा एक दिवस सोडून. निघाल्यावर सोनाबाईंचा फोन येईल. कृपया उचलावा.” बुकिंगं थोडी कमी झाली. पण आता पाहुणे स्वतःहून फोन करतात. चालत्या टोपलीच्या त्या डोंबिवलीच्या काकूसुद्धा परत येऊन राहून गेल्या. जाताना चार्जर दोनदा तपासला आणि घरी पोचल्यावर सोनाबाईला म्हणाल्या, “पोचले हो, काढा आता केर.”

मित्रांनो, तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. मला पायाने लोटू नका, उघड्यावर भिजत ठेवू नका, हे तर तुम्हाला घरी शिकवलेलंच असेल. त्यापलीकडे, तुम्ही कुठूनही निघालात, तरी पोचलात की कळवा. मागे कुणीतरी केर थांबवून बसलेलं असतं.

उद्या धनत्रयोदशी. सोनाबाई बाजारातून नवी केरसुणी घेऊन आली आहे. ती माझ्या शेजारीच उभी आहे आणि तिला वाटतं की केरसुणीचं काम झाडायचं असतं. शिकेल हळूहळू. लक्ष्मीपूजन झालं की सोनाबाई मला तलावाकाठच्या उंबराखाली नेऊन ठेवणार आहे. वाट लांबची नाही आणि मला जाण्याचं दुःखही नाही. काळजी एकच आहे. मला काही फोन करता येत नाही. त्या दिवशी नव्या केरसुणीला मांडीवर घेऊन सोनाबाई पायरीवर किती वेळ बसेल, कोण जाणे.